थिबा राजाला परत का नाही नेत?

रत्नागिरीत घर आहे आणि वरच्या खोल्या पाहुण्यांना देतो, त्यामुळे हा प्रश्न दर सीझनला येतोच. थिबा पॅलेस बघून आले की चहा घेताना कोणीतरी विचारतं, काहो, ब्रह्मदेशचा राजा इथे वारला तर त्यांचं सरकार त्याला परत का नेत नाही, आपलं त्यांच्याशी काही बिनसलंय का? तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहूनच टाकतो.

बिनसलेलं काही नाही, निदान राजावरून तरी नाही. १८८५ ला इंग्रजांनी त्याची राजधानी मंडाले घेतली, थिबाला आधी मद्रासला नेलं आणि १८८६ मधे रत्नागिरीत आणून ठेवलं. पॅलेस झाला १९१० ला आणि १९१६ च्या डिसेंबरात तो गेला, म्हणजे जेमतेम सहा वर्षं राहिला बिचारा त्यात. राणी सुपायालतला मृतदेह मायदेशी न्यायचा होता पण इंग्रजांनी परवानगी दिली नाही, तिकडे गर्दी जमली तर ती कशी आवरायची ही धास्ती. १९१९ ला ती परत गेली ती राजाला इथे ठेवूनच, तिची कबर यांगूनला, म्हणजे जुन्या रंगूनला आहे. बरं, आमचे लोकमान्य जन्मले रत्नागिरीत आणि १९०८ ते १९१४ कोंडलेले मंडालेत, त्याच काळात मंडालेचा राजा इथे. हे तुम्हाला इथला कुठलाही रिक्षावाला सांगेल, मीटर न टाकता.

आणि आपला शेवटचा मुघल बादशहा बहादूरशाह जफर १८६२ ला रंगूनलाच वारला, तोही अजून तिथेच आहे. म्हणजे दोघांनी एकमेकांचा राजा ठेवून घेतलाय, पण पाप तिसऱ्याचं, इंग्रजांचं, त्यामुळे कोणी कोणाला जाब विचारायचा प्रश्नच येत नाही. उलट सोयच झाली. २०१२ मधे मनमोहन सिंग जफरच्या मजारीवर गेले, त्याच वर्षी डिसेंबरात ब्रह्मदेशचे म्हणजे म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीत येऊन गेले, २०१७ ला मोदी जफरकडे जाऊन आले. अशी फुलं वाहायची जागा आयती मिळाल्यावर कोण हलवेल? शिवाय मला वाटतं राजाचं थडगं मंडालेत नेऊन तिथे माणसं जमवणं हे इंग्रजांना नको होतं तसं तिथल्या लष्करालाही फारसं नकोच असणार. हा माझा अंदाज हां.

पण खरं सांगू का, दोन देशांचं चाललंय ते थिबावर नाहीच. चाललंय ते उडदावर. आपल्या आंबोळीत पडतो तो उडीद बऱ्याचदा म्यानमारचा असतो, आपण बाहेरून आणतो त्यातला मोठा वाटा तिकडूनच येतो. १ फेब्रुवारी २०२१ ला तिथे लष्कराने सत्ता घेतली आणि त्याच वर्षी जूनमधे आपण दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर घ्यायचा करार केला. लोकशाहीची काळजी आपण बोलून दाखवली, पण डाळही आणली. मला यात ढोंग दिसत नाही, इकडे डाळ महागली की काय होतं ते सगळ्यांना माहितीय.

दुसरं म्हणजे सीमा, १,६४३ किलोमीटर, अरुणाचल, नागालँड, मणिपूर, मिझोराम. नागालँडमधल्या लोंगवा गावात तर अंघांच्या म्हणजे तिथल्या गावप्रमुखांच्या घरातूनच ती रेघ जाते. दोन्हीकडच्या लोकांना १६ किलोमीटर आत व्हिसाशिवाय जाता येत होतं, २०२४ ला केंद्राने ती मुभा काढून कुंपण घालायचं जाहीर केलं. म्यानमारमधल्या सितवे बंदराचं तेच, आपण बांधलं, २०२३ ला कोलकात्याहून पहिलं जहाज लागलं, पण तिथून नदीने वर पलेटवाला जायचं आणि पुढे रस्त्याने मिझोरामला, ते पलेटवाच २०२४ च्या जानेवारीत अराकान आर्मी या तिथल्या बंडखोर संघटनेने घेतलं. म्हणजे आता नुसतं तिथल्या सरकारशी बोलून भागत नाही.

थिबाबद्दल विचारणाऱ्यांना मी मिझोरामचं मुद्दाम सांगतो. २०२१ नंतर तिकडून चिन जमातीचे हजारो लोक पळून आले, दिल्लीने आत घेऊ नका म्हणून कळवलं, आणि मिझो लोकांनी हे आमचेच नातलग म्हणून ठेवून घेतले.