एकाच पत्त्यावर दोन दावे

विद्यापीठाच्या संगणक केंद्रात व्हीपीएनच्या, म्हणजे बाहेरून विद्यापीठाच्या जाळ्यात येण्याच्या सुरक्षित आभासी बोगद्याच्या, तक्रारी रोजच्याच असतात. बहुतेकींचे मूळ चुकीचा पासवर्ड, खात्याची संपलेली मुदत किंवा फोनवर न आलेला ओटीपी यांतच सापडते आणि दहा मिनिटांत त्या निकाली निघतात. त्या दिवशी सकाळी साडेनऊला आलेली तक्रार मात्र दुपारी दीडपर्यंत चालली, आणि तिच्यामुळे लिनक्स या संगणकप्रणालीसाठीचे आमचे माहितीपत्रक आम्हाला मुळापासून नव्याने लिहावे लागले.

फोन करणारी पीएच.डी.ची विद्यार्थिनी क्षेत्रकार्यासाठी बाहेरगावी गेली होती. तिने महिनाभर चालवलेल्या गणनेचे निकाल विद्यापीठाच्या सर्व्हरवर होते आणि ते संध्याकाळी सहाच्या आत मार्गदर्शकांकडे पोहोचवायचे होते. हा सर्व्हर विद्यापीठाच्या अंतर्गत जाळ्यातच दिसतो, त्यामुळे बाहेरून व्हीपीएनशिवाय तिथे जाता येत नाही. ती म्हणाली, "सर, व्हीपीएन जोडलं गेलंय असं दिसतंय, ग्रंथालयातली जर्नल्ससुद्धा उघडतायत, पण आपला सर्व्हर उत्तरच देत नाही. गेल्या महिन्यात याच लॅपटॉपवरून सगळं नीट चालत होतं." मधल्या काळात काही बदलले का, असे मी विचारले. "काहीच नाही, सर," असे तिने अगदी मनापासून सांगितले.

आमच्या तेव्हाच्या माहितीपत्रकात विंडोजसाठी चित्रांसह चार पाने होती आणि लिनक्ससाठी एकच ओळ होती : 'ओपनकनेक्ट वापरावे.' ओपनकनेक्ट म्हणजे व्हीपीएन जोडून देणारा प्रोग्रॅम. त्या एका ओळीच्या आधाराने या मुलीने उरलेले सगळे स्वतः शोधून काढले होते. नुसते ओपनकनेक्ट घातल्याने नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये त्या प्रकारच्या व्हीपीएनचा पर्याय दिसत नाही, त्यासाठी नेटवर्क मॅनेजर या जोडण्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचे वेगळे प्लगइन (जोड-भाग) लागते, हेही तिला ठाऊक होते. इतकी तयारी असलेल्या व्यक्तीला आपण एका ओळीवर सोडून दिले होते, याचे मला त्या फोनवरच वाईट वाटले.

स्क्रीन मला दिसत नव्हती. तिच्याकडचे इंटरनेट इतके मंद होते की स्क्रीन शेअर करणे शक्यच नव्हते. म्हणून मी आज्ञा सांगायची, तिने ती टंकायची आणि आलेले उत्तर वाचून दाखवायचे, असे आम्ही ठरवले.

आधी बोगद्याचे तोंड पाहिले. व्हीपीएन जोडले की लिनक्समध्ये 'टन झिरो' नावाचे एक आभासी नेटवर्क कार्ड तयार होते. त्याला पत्ता देणे, कोणत्या पत्त्यांकडे जाणारी पॅकेट (माहितीचे छोटे गठ्ठे) त्यातून पाठवायची ते मार्ग नोंदवणे आणि नावांवरून पत्ते शोधणारा डीएनएस बदलणे, ही कामे ओपनकनेक्ट स्वतः करत नाही. ती त्याच्यासोबतची 'व्हीपीएनसी-स्क्रिप्ट' ही वेगळी स्क्रिप्ट करते. म्हणूनच जोडणी झाल्याचा संदेश आला तरी पुढची व्यवस्था लागली आहे असे धरून चालता येत नाही. तिच्याकडे टन झिरो होते, त्याला आमच्याच संचातला पत्ताही मिळालेला होता. मग डीएनएस तपासला. सर्व्हरच्या नावाला १७२.१७ ने सुरू होणारा जो पत्ता मिळाला, तो आमच्या नोंदवहीतल्या पत्त्याशी तंतोतंत जुळत होता.

इथे माझी चूक झाली. व्हीपीएन जोडले जाते पण काम होत नाही, हे लक्षण ऐकले की माझे मन आधी एमटीयूकडे, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराकडे, धावते. साध्या इथरनेटवर एका पॅकेटची मर्यादा १५०० बाइटची असते. बोगद्यात त्याच पॅकेटवर आणखी आवरण चढते, त्यामुळे आतल्या पॅकेटला जागा कमी उरते. वाटेतल्या एखाद्या यंत्रणेने 'पॅकेट मोठे आहे' हा परतीचा निरोप अडवला, तर मोठी पॅकेट वाटेतच हरवतात आणि पाठवणाऱ्याला काहीच कळत नाही. असे प्रसंग मी पुष्कळ पाहिलेले आहेत. म्हणून मी तिला एमटीयू १३०० वर आणायला सांगितले, जोडणी तोडून पुन्हा करायला लावली, मग तीच गोष्ट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून करून पाहिली. तासभर गेला आणि फरक शून्य. वास्तविक एमटीयूची अडचण असती तर निदान लहान पॅकेट तरी पोहोचायला हवी होती. इथे साधे पिंगही, म्हणजे समोरचे यंत्र उत्तर देते का हे पाहणारे लहानसे पॅकेटही, जात नव्हते, आणि हे तिने पहिल्या पाच मिनिटांतच मला सांगितले होते.

साडेअकराच्या सुमारास तिचा धीर सुटू लागला. "सर, मी तुम्हाला पासवर्ड सांगते, तुम्हीच तिथून फायली काढून पाठवा ना," असे ती म्हणाली. मी नाही म्हणालो. पासवर्ड कोणालाही सांगू नका असे आम्हीच सगळ्यांना बजावतो. ऐन अडचणीच्या वेळी आम्हीच तो घेतला, तर त्या बजावण्याला काही अर्थ उरत नाही. तिला ते पटले, पण फोनवर थोडा वेळ शांतता पसरली आणि ती मला जड गेली.

मग मी तिला पिंग पुन्हा चालवायला सांगितले आणि आलेली ओळ गाळणी न लावता, शब्दन्‌शब्द वाचायला सांगितली. आधी ती फक्त "अनरीचेबल येतंय" एवढेच सांगत होती. आता तिने वाचले : "फ्रॉम १७२.१७.०.१, डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल." मी तिला थांबवले. हे उत्तर देणारा हा पत्ता कोणाचा? आमच्या जाळ्यात त्या पत्त्यावर कोणतेच यंत्र नाही. मी तिला 'आयपी राऊट गेट' आणि पुढे सर्व्हरचा पत्ता अशी आज्ञा द्यायला सांगितली. या पत्त्याकडे जाणारे पॅकेट तू नेमके कोणत्या दाराने बाहेर काढणार, असा थेट प्रश्न ही आज्ञा संगणकालाच विचारते. तिने उत्तर वाचले : "डेव्ह, डॉकर झिरो." हे दार डॉकरचे होते. डॉकर म्हणजे प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारे सॉफ्टवेअर.

"तुम्ही डॉकर कधी घातलंत?"

"ते होय? ते तर पंधरा दिवसांपूर्वी घातलं. प्रयोगशाळेतल्या डेटाबेससाठी. पण त्याचा व्हीपीएनशी काय संबंध?"

संबंध होता तो पत्त्यांचा. खाजगी जाळ्यांसाठी कोणालाही वापरता येतील असे तीन पत्तासंच १९९६ सालच्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजात राखून ठेवलेले आहेत, आणि १७२.१६.०.०/१२ हा त्यांपैकी एक. तिरप्या रेघेनंतरचा आकडा म्हणजे संचातल्या सगळ्या पत्त्यांच्या समान सुरुवातीची, उपसर्गाची, लांबी. तो जितका मोठा, तितका संच लहान आणि नेमका. विद्यापीठाने आपल्या अंतर्गत जाळ्यासाठी हाच संच घेतला होता आणि आमचे व्हीपीएन तो संपूर्ण संच बोगद्यातून पाठवण्याचा मार्ग नोंदवत होते. दुसरीकडे डॉकर आपल्या कंटेनरांसाठी जो आभासी पूल उभारते, त्याचा ठरलेला पत्तासंच १७२.१७.०.०/१६ असतो. दोघांनीही नियम मोडलेला नव्हता. पण एकाच पत्त्याकडे नेणारे दोन मार्ग असतील तर लिनक्स अधिक नेमका, म्हणजे लांब उपसर्गाचा मार्ग निवडते. /१६ हा /१२ पेक्षा नेमका. त्यामुळे तिची पॅकेट लॅपटॉपमधल्याच पुलाकडे वळत होती आणि त्या पत्त्यावर कोणी इथे नाही असे तिचाच लॅपटॉप तिला कळवत होता. ग्रंथालयाची जर्नल्स वेगळ्या पत्त्यांवर असल्याने ती बिनतक्रार उघडत होती.

खात्री करण्यासाठी सर्व्हरच्या /२४ जाळ्याचा मार्ग टन झिरोमधून जाईल अशी तात्पुरती नोंद करायला सांगितली. पुढच्याच पिंगला उत्तर आले. तिने ते मोठ्याने वाचले आणि मग आकडे वाचतच राहिली.

फायली उतरायला लावून आम्ही कायमच्या दुरुस्तीकडे वळलो. डॉकरच्या 'डीमन डॉट जेसन' या फाइलमध्ये 'बीआयपी' ही पुलाचा पत्ता ठरवणारी नोंद करून पूल १९२.१६८.२००.१/२४ वर हलवला. तो संच तिच्या घरच्या राऊटरचा नाही ना, हे आधी पाहून घेतले. एवढ्याने भागत नाही, कारण नव्या जाळ्यांना डॉकर १७२.१८, १७२.१९ असे पुढचे पत्ते देत जाते आणि ते आमच्याच संचात मोडतात. म्हणून पत्त्यांचा मूळ साठाही बदलावा लागतो आणि आधी तयार झालेली जाळी काढून पुन्हा उभारावी लागतात. पहिल्या वेळी डॉकर सुरूच झाले नाही. दोन नोंदींमधला स्वल्पविराम राहून गेला होता. तो घातल्यावर सगळे मार्गी लागले.

सव्वाचारला तिचा संदेश आला, फायली मार्गदर्शकांना मिळाल्या होत्या. तोवर मी माझ्या संगणकावर डॉकर घालून हीच टक्कर जशीच्या तशी घडवून पाहिली होती आणि माहितीपत्रकाचा नवा मसुदा लिहायला घेतला होता. त्यात 'आयपी राऊट गेट' पहिल्याच पानावर आहे. नेटवर्क विभागातल्या सहकाऱ्यांशीही बोललो. संशोधनाच्या सर्व्हरांचे /२४ मार्ग व्हीपीएननेच स्वतंत्रपणे नोंदवले, तर नेमकेपणाचा तोच नियम आपल्या बाजूने लागेल आणि कोणाला आपला लॅपटॉप उघडून बसावे लागणार नाही, हे त्यांना लगेच पटले. पुढच्या सोमवारी सकाळी तो बदल व्हीपीएनच्या सर्व्हरवर झाला.