मायकल मायर्सला कारण नकोच होतं

‘हॅलोविन’ या भयपट मालिकेचा सहावा भाग (१९९५) आज पाहून संपवला आणि मन खट्टू झालं. तिच्यातल्या मुखवटाधारी खुन्यावर, मायकल मायर्सवर, प्राचीन शाप आहे, एक गुप्त पंथ त्याच्या मागे आहे, अख्खं घराणं संपवायचं म्हणून तो मारत सुटलाय, असा उलगडा त्यात होतो. ज्याच्या नुसत्या उभं राहण्याने धडकी भरायची, त्याला कुणाच्या तरी हातचं बाहुलं करून टाकलं. फार वाईट वाटलं.

मग राहवलं नाही, १९७८ चा जॉन कार्पेंटरचा पहिला भाग लावला. एका प्रसंगासाठी. नायिका लॉरीचे वडील घरं विकण्याच्या व्यवसायात असतात. मायर्सच्या ओसाड घराची किल्ली तिथे ठेवून ये, असं ते तिला सांगतात. ती ज्याला सांभाळते तो छोटा टॉमी ‘तिकडे जाऊ नको’ म्हणत असतो. ती हसते, पायऱ्या चढते, दाराशी वाकून पायपुसण्याखाली किल्ली सरकवते. दाराच्या आत मायकल उभा असतो. ती गुणगुणत रस्त्याने पुढे निघते, आणि पडद्याच्या कडेने त्याचा खांदा आत येतो, श्वास ऐकू येतो. बस्स, एवढंच! किल्ली ठेवायला दुसरी कुणी गेली असती तर बहुधा तो तिच्या मागे लागला असता. श्रेयनामावलीत मुखवट्यातल्या निक कॅसलपुढे मायकलचं नावसुद्धा नाही, नुसती ‘आकृती’ असं लिहिलंय.

१९८१ च्या दुसऱ्या भागात लॉरी त्याची बहीण निघाली आणि ही भीती गेली. पटकथा कार्पेंटर आणि डेब्रा हिल यांचीच. हा निर्णय चुकला, असं पुढे कार्पेंटरनेच बोलून दाखवलं. त्याच सुमारास पहिल्या भागाच्या टीव्ही आवृत्तीसाठी जादा प्रसंग चित्रित झाले, त्यात मायकलच्या खोलीच्या दारावर ‘बहीण’ हा शब्द कोरलेला दिसतो. नवं कारण मागे नेऊन मूळ गोष्टीतही घातलं! एकदा नातं लावल्यावर थांबायचं कुठे? चौथ्या भागात लॉरी नाही, म्हणून भाची आली. भाचीनंतर शाप.

‘फ्रायडे द थर्टीन्थ’ या भयपट मालिकेतल्या जेसनचं तसं नाही. १९८० च्या पहिल्या भागात खून त्याची आई करते, त्याचा तो हॉकीचा मुखवटा तिसऱ्या भागात येतो, सहाव्यात वीज पडून तो थडग्यातून उठतो, आणि हे सगळं त्याला शोभतं. तो मुळात शेकोटीभोवती सांगायच्या गोष्टीतलाच. मायकल मात्र कुठल्याही गल्लीत उभा राहू शकेल असा होता.

रॉब झॉम्बीच्या २००७ च्या आवृत्तीत त्याचं बालपण तपशिलात आहे. त्या पोराची मला कीव आली. कीव आल्यावर घाबरणार कसं?

२०१८ च्या भागाने मात्र बहिणीचं नातं पुसून टाकलं. ‘ते लोकांनी रचलेलं आहे,’ असं लॉरीची नात सरळ सांगते. लॉरी चाळीस वर्षं बंदुका जमवून त्याची वाट पाहत बसलेली. त्याला तिच्या घराच्या दिशेने नेतो तो डॉ. सारटेन, त्याचा डॉक्टर. लॉरी आणि मायकल या दोघांत काहीतरी धागा असणारच, या कल्पनेने हा डॉक्टर झपाटलेला असतो. मायकल त्या डॉक्टरलाच पायाखाली चिरडतो.