‘पहनते-पहनते खुल जाएगा’: ग्वाल्हेरमध्ये बूट घेण्याचा माझा अनुभव

शहरातल्या एका मोठ्या शोरूममधून मागवलेले बूट माझ्या मागणीप्रमाणे आले नाहीत आणि तरीही आगाऊ दिलेले पैसे मला सहजासहजी परत मिळाले नाहीत, हा या लेखनामागचा खरा राग आहे. तो आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुठे माझा आवाज चढला तर वाचकांना आश्चर्य वाटणार नाही.

मला हवे होते ते घोट्यापर्यंतचे, गडद तपकिरी, खऱ्या चामड्याचे, कुर्त्यावर आणि लोकरी कोटावर शोभतील असे बूट. डिसेंबर-जानेवारीत ग्वाल्हेरचा पारा रात्री तीन-चार अंशांपर्यंत उतरतो, आणि हजिऱ्याला तानसेनांच्या समाधीजवळच्या संगीत समारोहात रात्रीच्या सभेला बसायचे असेल तर चपलेतले उघडे पाय पहिला विलंबित ख्याल संपेपर्यंतही तग धरत नाहीत. बूट उबदार हवेत हे उघडच होते, पण ते देखणेही हवेत, याबद्दल मला कुणाची माफी मागावीशी वाटत नाही. आणखी एक अट आपल्या राहणीतूनच येते. गाण्याची बैठक असो, कुणाकडचे हळदीकुंकू असो की देऊळ असो, आपल्याला पादत्राणे दारातच काढावी लागतात, आणि लेसचे बूट घालणारी बाई दारात वाकून मागच्या सगळ्यांचा रस्ता अडवून ठेवते. म्हणून आतल्या बाजूला चेन किंवा दोन्ही बाजूंना इलॅस्टिक असलेलेच बूट पाहायचे, हे मी ठरवून टाकले होते. इलॅस्टिकच्या ज्या बुटांना आज चेल्सी म्हणतात, त्यांचे पेटंट व्हिक्टोरिया राणीच्या बूटकाराने, स्पार्क्स-हॉलने, १८५१ मध्ये घेतले होते. लेस बांधत बसण्याचा कंटाळा राजवाड्यातही असावा, असे मला आपले उगीच वाटते.

पायांचे माप घरीच घेतले. ते संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभराच्या उभे राहण्याने पाय थोडे सुजलेले असतात आणि सकाळी नीट बसलेला बूट रात्री चावू लागतो. कागदावर पूर्ण भार देऊन उभे राहायचे, पेन्सिल सरळ धरून दुसऱ्या कुणाकडून रेघ मारून घ्यायची, आणि दोन्ही पाय मोजायचे. माझा डावा पाय २४७ मिलिमीटर भरला, उजवा २४३, आणि बोटांच्या मुळाशी, जिथे पाय सर्वांत रुंद असतो तिथे, रुंदी जवळजवळ १० सेंटीमीटर. मोठा पाय तो आपला पाय, असे धरून चालावे.

बाजारातल्या पहिल्या काही दुकानांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. ‘आरामदायक’ हा शब्द तोंडातून निघाला की विक्रेता मला गुडघेदुखीवाल्यांच्या काळ्या, फुगीर चपलांच्या फळीकडे नेत असे, आणि ‘जरा नव्या धाटणीचे’ म्हटले की चोचीसारख्या टोकाचे, पातळ टाचेचे बूट पुढे येत. एकाच जोडात दोन्ही गोष्टी मागणारे गिऱ्हाईक त्यांना विक्षिप्त वाटत होते.

मग ते शोरूम. तेथे मांडणीत मला हवा तसा एक बूट होता: आत चेन, साधारण तीन सेंटीमीटरची जाड टाच, बदामाच्या आकाराचे टोक. तो उजव्या पायाचा होता. मी डाव्या पायाचा मागितला तेव्हा विक्रेत्याने, ‘एकच तर घालून बघायचा आहे, मॅडम’, असे हिंदीत सांगून पाहिले. डावा पाय मोठा असल्याचे मी सांगितल्यावर तो जिन्याखालच्या भोकातून वरच्या गोदामात ओरडला, आणि बऱ्याच वेळाने दुसरा बूट दोरीला बांधलेल्या टोपलीतून खाली उतरला. लांबी ठीक होती. अंगठ्यापुढे बोटाच्या रुंदीएवढी जागा राहत होती, टाच जागेवर होती, पण करंगळीच्या मुळाशी चामडे असे ताणले गेले होते की शिवणीचे टाके एकेक करून मोजता यावेत.

इथून पुढे जे संभाषण झाले ते ग्वाल्हेरच्या कुठल्याही दुकानात कुठल्याही बाईशी झाले असेल. ‘चमड़ा है, पहनते-पहनते खुल जाएगा.’ मी म्हटले, किती खुलेल? ‘जितना आपको चाहिए.’ हे खरे नाही. चामडे आडवे थोडेफार सैलावते, लांबीत जवळजवळ मुळीच नाही, आणि ज्या ठिकाणी शिवण किंवा आतली कडक पट्टी आहे तिथे तर ते हटतच नाही. पीयू या कृत्रिम चामड्याचा बूट असेल तर तो सैलावण्याऐवजी वर्षा-दोन वर्षांत पापुद्रे सोडतो. मग त्याने एक साइज मोठा आणला. तो रुंदीला जरा बरा होता, पण चालताना पाय जिथे वाकतो ती जागा आणि बूट जिथे वाकतो ती जागा यांचा मेळ बसेना, आणि प्रत्येक पावलाला टाच उचलली जाऊ लागली. नव्या बुटात टाच किंचित सरकणे क्षम्य आहे, परंतु बूट मागे राहून पाय पुढे जाणे क्षम्य नाही. रुंदी कमी पडत असताना लांबी वाढवून देणे हा आपल्याकडच्या दुकानांचा ठरलेला तोडगा आहे, आणि निम्मे पाय त्यानेच बिघडतात, असे माझे मत आहे.

यात दुकानदाराला न दिसणारी एक गोष्ट आहे. बूट फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, बेतला जातो, आणि आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या कितीतरी बुटांचे फर्मे परदेशी पायांच्या मापावर घडवलेले असतात. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची त्रिमितीय मापे घेतली, तेव्हा भारतीयांचे पाय युरोपीय आणि अमेरिकी पायांपेक्षा सर्वसाधारणपणे रुंद असल्याचे दिसून आले, आणि त्यावरून ‘भा’ नावाची स्वतंत्र भारतीय मापपद्धती सुचवण्यात आली. म्हणजे माझ्या पायात काही व्यंग नव्हते. हे मी त्या विक्रेत्याला सांगितले. त्याने विनयाने मान डोलावली आणि मोठ्या साइजचा डबा पुन्हा माझ्यापुढे सरकवला.

अखेर व्यवस्थापकाने संगणकावर यादी पाहिली. याच बुटात रुंद फिटिंग उपलब्ध आहे, वरून मागवावे लागेल, हजार रुपये आगाऊ द्या, असे तो म्हणाला. मी साइज ६, रुंद, तपकिरी, असे पावतीवर लिहून मागितले. त्याने साइज आणि रंग लिहिला, रुंदीसाठी रकाना नसल्याचे सांगितले आणि ‘सिस्टम में डाल दिया है’ असे आश्वासन दिले.

पुढची वाट पाहणे वर्णन करण्याच्या लायकीचे नाही. फोन केला की माल निघाला आहे. पुन्हा केला की आग्र्याला आहे. पुन्हा केला की ज्याने ऑर्डर घेतली तो रजेवर आहे. समारोह जवळ येत होता, थंडी तर आलीच होती, आणि माझी भाची मला म्हणत होती, ‘मावशी, तू जाऊन काउंटरवरच बस, त्याशिवाय ते हलणार नाहीत.’ शेवटी बूट आले. डब्याच्या झाकणावर निळ्या बॉलपेनने मोठा ‘डब्ल्यू’, म्हणजे ‘वाइड’, काढलेला होता. मी चेन उघडून आतल्या अस्तरावरचा छाप पाहिला, तर तिथे ३९ आणि ‘एफ’ असे स्वच्छ छापलेले होते; ‘एफ’ ही नेहमीची रुंदी, तिच्यापुढच्या ‘जी’ आणि ‘एच’ या रुंद. शिवाय मी आधी घालून पाहिलेल्या साइज ६ च्या बुटात ४० लिहिलेले होते.

हा ३९-४० चा घोळ समजून घेण्यासारखा आहे, कारण व्यवस्थापकाने त्याच्याच आडोशाने मला परतवले. आपल्याकडे चालणारी ब्रिटिश मापे एक तृतीयांश इंचाने, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटरने वाढतात, आणि युरोपीय मापे दोन तृतीयांश सेंटीमीटरने, म्हणजे सुमारे पावणेसात मिलिमीटरने. दोन्ही जिन्यांच्या पायऱ्या वेगवेगळ्या उंचीच्या असल्यामुळे ब्रिटिश ६ हे माप युरोपीय ३९ आणि ४० यांच्या मध्येच कुठेतरी पडते. कुणी ते खाली ओढतो, कुणी वर. म्हणून दुकानात फक्त ‘सहा नंबर’ सांगू नये, पायाची लांबी मिलिमीटरमध्ये सांगावी आणि आतल्या छापावरचे सगळे आकडे वाचावेत. व्यवस्थापकाचे म्हणणे असे पडले की ऑर्डर सहाची होती, सहा आले आहेत, त्यामुळे पैसे परत मिळणार नाहीत. फार तर क्रेडिट नोट देता येईल, तीही तीन महिन्यांच्या मुदतीची. रुंदीचा विषय काढला की तो झाकणावरच्या ‘डब्ल्यू’कडे बोट दाखवी. ते बॉलपेनने कुणी लिहिले, या प्रश्नाला त्या दुकानात उत्तर नव्हते.

क्रेडिट नोट मी घेतली नाही, आणि माझ्यासारख्या प्रसंगात कुणी घेऊ नये. नुसते माप बसले नाही एवढ्यावरून पैसे परत मागण्याचा हक्क कायदा सरसकट देत नाही, दुकानाचे बदलीचे नियम त्याला लागू होतात. परंतु मागितलेली वस्तू न देता दुसरीच पुढे करणे ही निराळी गोष्ट आहे. मी अस्तरावरचा छाप, झाकण आणि पावती यांची छायाचित्रे काढली आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, तक्रार कंपनीकडे पाठवून उत्तर मागते, पण शोरूमच्या वरच्या कार्यालयाला तेवढे पुरले. पैसे खात्यात परत आले. दिलगिरीचा एक शब्दही त्यांच्यासोबत आला नाही, आणि मला त्याचे अजूनही वाईट वाटते, हे लपवत नाही.

बूट मला मिळाले ते ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका जुन्या, अरुंद दुकानात. आग्रा इथून जेमतेम सव्वाशे किलोमीटरवर आहे, आणि तिथल्या हींग की मंडीतून माल आणणारे दुकानदार ग्वाल्हेरात आहेत, हे मला आधीपासून ठाऊक होते; तिथे देखणेपणा मिळेल की नाही, एवढीच शंका होती. दुकानदार काकांनी मला स्टुलावर न बसवता उभे केले, जुन्या बिलाच्या पाठीवर दोन्ही पाय आखले, शिंप्याच्या टेपने बोटांच्या मुळाशी आणि पावलाच्या चढावर घेर मोजला आणि विचारले, ‘दिखने में पतला चाहिए न?’ मला हवे होते ते त्यांनी एका वाक्यात ओळखले. त्यांनी सांगितलेली युक्ती अशी, की रुंद फर्मा घ्यायचा पण टोक बोटे संपल्यानंतर निमुळते होऊ द्यायचे. त्यामुळे बोटांना जागा राहते आणि बूट वरून सडपातळ दिसतो. शोरूममधल्या बुटाचे टोक बोटांच्या आधीच निमुळते होऊ लागत होते.

माप देऊन मागवलेला जोड आला तेव्हा मी तो ज्या प्रकारे तपासला, तो प्रकार सांगते. आतली गादी बाहेर काढून तिच्यावर उभी राहिले. पाय गादीच्या बाहेर सांडत असेल तर तो बूट तिथेच परत करावा. नेहमीचे लोकरी मोजे घरून नेले होते, कारण दुकानातल्या पातळ नायलॉनच्या मोज्यांवर काहीही बसते. हात आत घालून शिवणी आणि खिळ्यांची टोके चाचपली. गालिच्यावर नाही, बाहेरच्या फरशीवर चालले, आणि दुकानाची पायरी चढून-उतरून पाहिली, कारण उतरताना बोटे पुढे आपटतात की नाही ते तिथेच कळते. तळ रबराचा मागितला होता. आपल्या जिन्यांच्या कोटा दगडाच्या फरशीवर चामड्याचा तळ हिवाळ्याच्या दवात घसरतो.

किमतीबद्दल एक गोष्ट राहिली. सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडावर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्याहून महाग जोडावर १८ टक्के, त्यामुळे भाव विचारताना कर धरून आहे की वेगळा, हे आधीच विचारावे. आणि नवे बूट पहिले काही दिवस घरातच तासभर घालावेत, लागोपाठ दोन दिवस घालू नयेत, आतला घाम सुकू द्यावा; पावसाळ्यात कागदाचे बोळे भरून उघड्या फळीवर ठेवावेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत मुळीच नाही.

समारोहाच्या शेवटच्या सभेला मी ते घालून गेले आणि भारतीय बैठकीच्या बाजूला जाताना एका हाताने चेन ओढून मोकळी झाले, याचा मला अभिमान आहे. काकांच्या म्हणण्याप्रमाणे दिवाळीपूर्वी माप दिले तर जोड डिसेंबरच्या आरंभी हाती येतो, दिवाळीनंतर मात्र लग्नसराईच्या कामामुळे आग्र्याचे कारागीर लवकर हाती लागत नाहीत. आगाऊ रक्कम त्यांनीही घेतली होती, आणि पावतीवर रुंदीचा रकाना नसताना तो आकडा हाताने लिहून खाली सही केली होती.