पेवातली ज्वारी

"सर, झाडं श्वास फक्त रात्री घेतात. दिवसा अन्न तयार करतात ना!"

७ वीच्या अख्ख्या वर्गाने माना डोलावल्या. दोन्ही समीकरणं तोंडपाठ, पण मनात झाडाच्या गिरणीसारख्या दोन पाळ्या. दिवसपाळी प्रकाशसंश्लेषणाची, रातपाळी श्वसनाची.

तेवढ्यात मागच्या बाकावरून मंगळवेढ्याकडची एक पोरगी हळूच म्हणाली, "आमचे आजोबा पेव, म्हणजे ज्वारी साठवायचा जमिनीतला खोल खड्डा, उघडल्यावर लगेच कुणाला आत उतरू देत नाहीत. जीव गुदमरतो म्हणतात. ती ज्वारी श्वास घेती का सर?"

मी खडू खाली ठेवला.

घेते गं. पान नाही, ऊन नाही, तरी दाणा जिवंत असतो. प्राणवायू घेतो, कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि बंद पेवात तो साचत जातो. पानंही अहोरात्र हेच करतात. भर उन्हात प्रकाशसंश्लेषण इतकं जोरात चालतं, की श्वसन त्याखाली झाकलं जातं, एवढंच.

इतकी वर्षं सोलापुरात शिकवतोय आणि पेवाचं उदाहरण मला एकदाही सुचलं नाही. दुपारपासून तेच सलतंय.

उद्या मोड आणलेल्या मटकीचं गाठोडं वर्गात नेणार आहे. मुलांनी हात घालून बघावं, दाण्यांच्या श्वसनामुळे आत कसं कोमट लागतं ते.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी पेव होतं का?