तुम्ही विचारलंत म्हणून: रडारवर दोन होड्यांचे नंबर अदलाबदल का होतात?

"कालमन फिल्टर (आधीच्या ठिपक्यांवरून होडीची जागा आणि वेग अंदाजणारं गणित) नीट बसवलाय, एकट्या होडीचा माग झकास काढतो. पण दोन होड्या जवळून गेल्या की एकीला सॉफ्टवेअरने दिलेला नंबर दुसरीला चिकटतो. फिल्टरमध्ये काय बदलू?" बंदरातल्या रडारचं सॉफ्टवेअर लिहिणारे हे हमखास विचारतात. फिल्टरला हात लावू नका. चूक त्याच्या आधीच होते, कुठला ठिपका कोणाचा हे ठरवताना.

अँटेना मिनिटाला 24 फेऱ्या मारत असेल तर होडी दर 2.5 सेकंदांनी दिसते. 8 नॉटने जाणारी होडी तेवढ्यात जेमतेम 10 मीटर सरकते. कोनात अर्ध्या अंशाची चूक धरा. 9 किलोमीटरवर ती आडवी सुमारे 80 मीटर भरते. होडी चालते त्याच्या आठपट ठिपका नुसता उड्या मारतो! अंतरातली चूक मात्र 10-15 मीटरच. म्हणून पुढचा ठिपका जिथे अपेक्षित आहे ती जागा गोल नसते, आडवी लांबट असते. मीटर मोजून गोल गेट (ज्याच्या आतलेच ठिपके त्या होडीचे मानायचे ती हद्द) लावलं की पहिली फसगत तिथेच. महालनोबिस अंतर वापरा (आपल्या प्रशांतचंद्र महालनोबिसांचं, 1936 सालचं; ज्या दिशेला चूक मोठी, त्या दिशेचं अंतर कमी धरणारं). त्याचा वर्ग 9.21 पर्यंत चालवून घेतला की होडीचे खरे 99 टक्के ठिपके गेटात बसतात. अर्थात कोनातल्या आणि अंतरातल्या चुकांचे आकडे तुम्ही खरे भरले असतील तर.

आता वाटप. गेटात दोन ठिपके आहेत. त्याच अंतराच्या वर्गात मोजलं तर 'अ' होडीपासून पहिला 1, दुसरा 2. 'ब' होडीपासून पहिला 2, दुसरा 9. बरेचजण सगळ्यात जवळची जोडी आधी लावून टाकतात: अ-पहिला. मग ब ला दुसरा घ्यावाच लागतो, बेरीज 10. उलट लावलं तर 4. सगळ्या जोड्या एकदम बघून किमान बेरीज काढायची, हंगेरियन पद्धत नावाच्या वाटपाच्या गणिताने. एवढ्या एका बदलाने बरीच अदलाबदल थांबते.

सगळी नाही. बीम (अँटेनाचा झोत) 1 अंशाचा असेल तर 9 किलोमीटरवर दीडशे मीटरच्या आत शेजारी-शेजारी चाललेल्या दोन होड्यांचा एकच ठिपका दिसतो. एकामागे एक असल्या तर वेगळ्या दिसतात, कारण 0.08 मायक्रोसेकंदाचा पल्स (रडार सोडतं तो लहरींचा छोटा तुकडा) 12 मीटरचा फरक ओळखतो. ठिपका एक आणि माग दोन, अशा वेळी 'एकाला एकच' हा नियम हट्टाने पाळला तर एक माग उपाशी मरतो, नाहीतर लाटेचा ठिपका गिळून भलतीकडे जातो. ठिपका दोघांचा माना, दोन्ही माग अंदाजावर पुढे न्या, आणि ठिपका फुटून दोन झाल्यावर काही फेऱ्या दोन्ही शक्यता जिवंत ठेवा. डोनाल्ड रीडने 1979 मध्ये मांडलेली पद्धत हेच करते. निकाल थोडा उशिरा लागतो, पण बरोबर येण्याची शक्यता खूप वाढते. दोन्ही होड्या एकाच दिशेने, एकाच वेगाने निघाल्या तर नुसत्या जागेवरून ओळख पटतच नाही. तेव्हा पडद्यावर 'शंका' दाखवा, छातीठोक नंबर नको.

माग पुसायची घाईसुद्धा महागात पडते. छोटी फायबरची होडी 10 पैकी 7 फेऱ्यांतच दिसते असं धरा. सलग 3 फेऱ्या चुकल्या की माग पुसायचा, असं ठरवलंत तर सरासरी दोनेक मिनिटांतच होडी 'हरवते' आणि नव्या नंबराने उगवते. 5 फेऱ्या थांबलात तर हेच जवळपास 24 मिनिटांवर जातं. तेही चुका सुट्या सुट्या पडल्या तर. पावसाळी समुद्रात होडी लाटेच्या खळग्यात गेली की दोन-तीन फेऱ्या सलग जातात, म्हणून तेव्हा आणखी सैल सोडा. नवा माग मात्र कडक हाताने द्या, 5 पैकी 3 फेऱ्या दिसल्यावरच. नाहीतर लाटांच्या शेंड्यांनाही नंबर मिळतात.

आणि तपासताना फक्त जागेची सरासरी चूक काढू नका. नंबर बदलले तरी ती जवळपास तेवढीच राहते. कच्चे ठिपके साठवून तीच फीत पुन्हा चालवा आणि अदलाबदली वेगळ्या मोजा.