पसायदान, प्लेना आणि आमची हलगी

रविवार, ६ जुलै २०२५, आषाढी एकादशी

गजानन महाराजांची पालखी सोलापुरातून पुढे गेली आणि आज घरोघरी टीव्हीवर पंढरपूर चालू आहे. मला सुट्टी. वर्ष निम्मं सरलं, तर यंदाच्या नव्या अल्बमांपैकी कोणते मनात घर करून बसले ते लिहून ठेवते.

पहिला मान गनव्या दोराईस्वामीच्या ‘निलम’ला. मे महिन्यात आला. ही गायिका जन्मली न्यूयॉर्कला, वाढली तमिळनाडूत; आजी सीता दोराईस्वामी जलतरंग वाजवायच्या. या अल्बममध्ये तिने आपलं पसायदान गायलंय! आपल्याला ते शाळेच्या मैदानावर, एका ठरलेल्या चालीत, शेवटी शेवटी घाईने म्हणायची सवय. गनव्याला कसलीच घाई नाही. अल्बमभर वाद्यं मोजकी, हार्प आणि डबल बास ही तंतुवाद्यं मुख्य, त्यामुळे तिच्या आवाजाला ऐसपैस जागा मिळते.

सकाळी लावलं तेव्हा आई भगरीला फोडणी घालत होती.

“कोण गं ही? बोलणं आपल्याकडचं नाही वाटत.”

“तमिळ आहे, आई.”

आईने गॅस बारीक केला, पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, “परत लाव.”

मला यात परकं काहीच वाटत नाही. तंजावरला मराठ्यांचं राज्य होतं, इथलं कीर्तन तिकडे गेलं, तिथल्या हरिकथेने त्यातून बरंच उचललं. तमिळ भजनांत आजही अभंग म्हणतात. ज्ञानेश्वरी १२९० सालची; तिच्या शेवटाकडच्या नऊ ओव्या तमिळनाडूत वाढलेल्या मुलीच्या गळ्यातून पुन्हा आमच्या स्वयंपाकघरात आल्या, याचं मला फार अप्रूप आहे.

दुसरा अल्बम अगदी वेगळ्या जातीचा. पुएर्तो रिको या कॅरिबियन बेटावरच्या बॅड बनी या गायकाचा ‘देबी तिरार मास फोतोस’, ५ जानेवारीला आलेला. तेव्हा इथे सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची तयारी चालू होती. पुढे नंदीध्वजांच्या मिरवणुकीत हलगी ऐकून घरी आले आणि रात्री हेडफोनवर त्यातलं ‘काफे कोन रोन’ लावलं. अंगावर काटा आला. त्यात प्लेना आहे, त्या बेटाचं लोकसंगीत. प्लेनाचा जीव म्हणजे पांदेरो: हातात धरायची, एका बाजूने कातडं ताणलेली चपटी वाद्यं, लहान-मोठ्या तीन मापांची. मोठी ठेका धरून ठेवतात, सगळ्यात लहान रेकिंतो वर मोकाट खेळते. आपली हलगी काड्यांनी वाजते, पांदेरो हाताने. पण हलगीवाले जाळावर कातडं शेकून, बोटाने टिचकी मारून आवाज चढला का बघतात, तो कडक, कोरडा आवाज मला तिथे ऐकू आला.

हा माणूस जगभर गाजलेला. त्याने यंदा आपल्या बेटाची वाद्यं पुढे आणली, तिथल्या संगीतशाळेतली पोरं साल्सा वाजवायला घेतली. येत्या शुक्रवारपासून सान हुआनमध्ये त्याचे ओळीने ३० कार्यक्रम आहेत आणि पहिले नऊ फक्त तिथल्या रहिवाशांसाठी. मला हे फार मोठं वाटतं. स्पॅनिश मला येत नाही. आधी नुसतं ऐकलं, मग अर्थ शोधून वाचले. हवाई बेटांचं उदाहरण देणाऱ्या गाण्यात आपल्या, म्हणजे पुएर्तो रिकोच्या लोकांची जमीन हातची जाईल ही भीती आहे, ती तर आवाजातूनच कळली होती.

अनुष्का शंकरचा ‘चॅप्टर थ्री’ मार्चमधला. सतारीसोबत अलम खान यांचा सरोद आहे. रविशंकरांची मुलगी आणि अली अकबर खानांचा मुलगा, म्हणजे मैहरच्या बाबा अल्लाउद्दीन खानांचं घराणं पुन्हा एकत्र. सुंदरच आहे, पण वरच्या दोघांइतका आत गेला नाही.

जानेवारीतल्या ‘संगीत मानापमान’ चित्रपटाची गाणीही मन लावून ऐकली. मूळ नाटक १९११ चं, त्याला आता शंकर-एहसान-लॉय यांचं संगीत. गायकी दमदार, पण मला वाद्यमेळ जरा कमी हवा होता. नाट्यगीतात तान घेणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू यावा असं मला वाटतं.

आता मनापासून एकच हवंय. सोलापूर, पंढरपूर, मंगळवेढा या पट्ट्यातल्या हलगीवाल्यांना स्टुडिओत बसवून कुणीतरी तरुणाने अख्खा अल्बम करावा. हलगी तोंडी लावायला नको, पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत तीच पुढे हवी. वाजवणाऱ्यांची नावं कव्हरवर मोठ्या अक्षरांत छापावीत. असा अल्बम आला तर मी पहिल्याच दिवशी विकत घेईन.