आखाड्यावरच्या मोटरसाठी एसडीके

औशाजवळ आमच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या ठिकाणी, बोअरमध्ये साडेसात एचपीची मोटर आहे. थ्री फेज लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात आबा बॅटरी घेऊन मध्यरात्री घरून निघतात, स्टार्टरचं बटण दाबतात आणि हरभऱ्यातले स्प्रिंकलरचे पाइप बदलत बसतात. दोन वर्षांखाली अशाच एका रात्री एक फेज गेला, मोटर दोन फेजवर कण्हत राहिली आणि वाइंडिंग जळालं. ऐन फुलोऱ्यात पाणी थांबलं. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, तिन्ही फेजचा व्होल्टेज आबांना घरी बसून दिसला पाहिजे.

सामान जमलं. मॉडबसवर, म्हणजे यंत्रांनी एकमेकांना आकडे पाठवायच्या ठरलेल्या पद्धतीवर, बोलणारा थ्री फेज मीटर घेतला, त्याची आरएस-४८५ ची तार बोर्डाला जोडायला यूएसबी कन्व्हर्टर घेतला, आणि एका छोट्या कंपनीकडून कॉर्टेक्स-ए८ चा, ५१२ एमबी रॅमचा लिनक्स बोर्ड मागवला. प्रोग्राम सी मधे लिहिला, दीडशे ओळींचा. तो बोर्डवर चालायला मात्र आठ दिवस गेले, आणि ते सगळे एसडीकेत गेले. एसडीके म्हणजे बोर्डचे प्रोग्राम लॅपटॉपवर बनवायला लागणारा कंपायलर आणि लायब्रऱ्या यांचा संच. लातूर-नांदेडकडची डिप्लोमाची पोरं मला याच ठिकाणी अडकलेली दिसतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

सुरुवातीला मी एसडीके घेतलाच नाही. लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ होतं, त्याच्या भांडारातून एआरएमचा (बोर्डवरच्या प्रोसेसरचा) क्रॉस-कंपायलर, म्हणजे लॅपटॉपवर बसून दुसऱ्या प्रोसेसरचा प्रोग्राम बनवणारा, एका कमांडमध्ये येतो. तो टाकला, प्रोग्राम कंपाइल झाला, एक वॉर्निंगसुद्धा नाही. बोर्डवर कॉपी केला, चालवला, आणि उत्तर आलं की ग्लिबसी २.३४ सापडत नाही. मॉडबसचा भाग काढून नुसतं ‘नमस्कार’ छापणारा प्रोग्राम केला, तरी तेच.

कारण कळायला वेळ लागला. ग्लिबसी म्हणजे प्रत्येक सी प्रोग्रामच्या पायाखालची लायब्ररी. उबुंटू २२.०४ च्या कंपायलरसोबत तिची २.३५ आवृत्ती येते. बोर्डवरचं लिनक्स योक्टो या, बोर्डांसाठी लिनक्स बांधायच्या प्रकल्पाच्या, डनफेल या एप्रिल २०२० च्या आवृत्तीतून बांधलेलं, तिथं ग्लिबसी २.३१. आणि २.३४ मध्ये प्रोग्राम सुरू करून देणाऱ्या मूळ फंक्शनलाच आवृत्तीचा नवा शिक्का बसला, त्यामुळं नव्या ग्लिबसीवर जोडलेला रिकामा प्रोग्रामही जुन्या बोर्डवर उभा राहत नाही. कंपायलर एआरएमचा आहे एवढं पुरत नाही. बोर्डवर ज्या लायब्रऱ्या आहेत, अगदी त्याच लॅपटॉपवरही पाहिजेत. त्या ज्या फोल्डरमध्ये मिळतात त्याला सिसरूट म्हणतात, आणि एसडीके घ्यायचा तो मुख्यतः या सिसरूटसाठी.

मग कंपनीकडून त्याच इमेजचा, म्हणजे बोर्डवर टाकलेल्या त्याच तयार लिनक्सचा, एसडीके मागितला. ‘त्याच इमेजचा’ हे फोनवर दोनदा सांगावं लागलं. इमेज ज्या बिल्डमधून निघाली, त्याच बिल्डमध्ये बिटबेकला (योक्टोचं बांधकाम करणाऱ्या प्रोग्रामला) पॉप्युलेट-एसडीके हे काम दिलं की एक डॉट एसएच फाइल तयार होते. तिच्या नावात प्रोसेसरचा प्रकार आणि आवृत्ती दोन्ही असतात, ते आधी वाचा. बोर्डवर ईटीसी फोल्डरात ओएस-रिलीज नावाची फाइल असते, तिच्याशी ताडून बघा. आम्ही ताडलं, जुळलं.

फाइल जवळपास एक जीबीची. घरी फायबर नाही, मोबाइलचा हॉटस्पॉट. तीनदा तुटली. डब्ल्यूगेट या डाउनलोडच्या कमांडला उणे-सी हा पर्याय दिला की डाउनलोड जिथं तुटलं तिथून पुढं सुरू होतं, आणि फाइल अखंड आली का ते कळायला शेवटी शा-२५६ चा आकडा जुळवून बघायचाच. तो दिलेला नसेल तर मागून घ्या.

खुद्द इन्स्टॉल करणं पाच मिनिटांचं. फाइल चालवली की ती विचारते कुठं टाकू. आपोआप सुचवते ती जागा ऑप्ट फोल्डरातली असते, तिथं सुडो, म्हणजे अ‍ॅडमिनचा अधिकार, लागतो. मी घरच्या फोल्डरात टाकला. ‘एक्स्ट्रॅक्टिंग’ म्हणते, मग ‘सेटिंग इट अप’ म्हणते, आणि संपतं.

त्या ‘सेटिंग इट अप’ मध्ये काय होतं ते मला नंतर समजलं. डिस्क भरत आली म्हणून मी पूर्ण फोल्डर उचलून बाहेरच्या डिस्कवर नेला, स्क्रिप्टमधले पत्ते हातानं बदलले, आणि कंपायलर चालवला. शेल म्हणाला, अशी फाइल नाही. एलएस मारलं तर फाइल समोर! परवानग्या बरोबर, आकार बरोबर. झालं होतं असं, की लिनक्सवरच्या अशा प्रोग्रामच्या पोटात त्याला चालू करणाऱ्या लोडरचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. एसडीके स्वतःचा लोडर सोबत आणतो आणि इन्स्टॉल होताना प्रत्येक प्रोग्रामच्या पोटात तुम्ही निवडलेल्या जागेचा पत्ता कोरतो. फोल्डर हलवला की तो पत्ता खोटा ठरतो. शेलला न सापडणारी फाइल म्हणजे कंपायलर नव्हे, लोडर. उपाय साधा आहे, फोल्डर पुसा आणि नव्या जागी पुन्हा इन्स्टॉल करा. म्हणून ती मूळ डॉट एसएच फाइल कधीही डिलीट करू नका.

यानंतर रोजची गोष्ट. एन्व्हायर्नमेंट-सेटअप या शब्दांनी सुरू होणारी फाइल प्रत्येक नव्या टर्मिनलमध्ये सोर्स करावी लागते, म्हणजे त्याच शेलमध्ये वाचायला लावावी लागते. नुसती चालवली तर ती वेगळ्या शेलमध्ये चालून संपते आणि तुमच्या हाती काहीच लागत नाही. पुढं टिंब, मग स्पेस, मग फाइलचं नाव. झालं का बघायला सीसी हा व्हेरिएबल एको करा. त्यात एआरएमच्या जीसीसीचं नाव आणि सिसरूटचा पत्ता दिसला पाहिजे.

प्रोग्राम कसा बांधायचा ते लिहिलेल्या माझ्या मेकफाइलमध्ये ‘सीसी = जीसीसी’ अशी ओळ होती. मेकफाइलमधली ओळ शेलच्या व्हेरिएबलला दाबते, त्यामुळं सगळं सोर्स करूनही प्रोग्राम लॅपटॉपचाच बनत होता. ती ओळ काढून टाकली. आता प्रत्येक वेळी तयार प्रोग्रामवर ‘फाइल’ ही कमांड मारतो, ‘३२-बिट, एआरएम’ वाचतो आणि मगच बोर्डकडं पाठवतो.

एक अडचण उरली. सिसरूटमध्ये लिबमॉडबस, म्हणजे मॉडबससाठीची लायब्ररी, नव्हती, कारण कंपनीच्या इमेजमध्येच ती नव्हती. इमेजमध्ये जे असतं त्याच्याच हेडर फाइली एसडीकेत येतात. पुन्हा कंपनीच्या मागं न लागता मी लिबमॉडबसचा सोर्स आणला, सोर्स केलेल्या टर्मिनलमध्येच कॉन्फिगर केला, त्याला एसडीकेनं दिलेले कॉन्फिगर-फ्लॅग्ज जोडले, आणि मेक इन्स्टॉल करताना डेस्टडिर (कुठं टाकायचं ती जागा) म्हणून सिसरूटचा पत्ता दिला. तयार झालेली लायब्ररीची डॉट एसओ फाइल बोर्डच्या यूएसआर-लिबमध्येही ठेवली. हे काम झालं त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटलं की हा एसडीके आता आपल्या हातातलं अवजार आहे.

गुरुवारी रात्रपाळीची लाइट होती. मी आणि आबा सोबतच आखाड्यावर गेलो. स्टार्टरच्या पेटीशेजारी बोर्ड टांगला, लॅपटॉप खाटेवर ठेवला. पावणेएकला लाइट आली आणि पडद्यावर तीन आकडे उमटले. आर २३४, वाय २२९, बी २३१.

आबा वाकून बघत होते. ‘बी म्हंजे निळी वायर का रं?’

‘हो.’

‘मागल्या टायमाला तीच गेल्ती,’ म्हणाले, आणि बटण दाबायला उठले.